विरोध करील तो टेबल नेईल

माणसाला टोपणनाव चिकटतं ते बहुधा खोडीवरून. यांना चिकटलं ते तब्येतीवरून. जिन्यात, बसथांब्यावर, भाजीच्या रांगेत कुणी नुसतं "काय, कसं काय?" म्हटलं, की हे छाती पुढे काढून म्हणायचे, "ठणठणीत!" आणि ते अशा आवाजात, की विचारणाऱ्यालाच आपल्याला बारीक ताप असावा असं वाटायला लागे. शेवटी सगळी इमारत त्यांना ठणठणीतराव म्हणू लागली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते बिलांच्या तक्रारी ऐकत. सबंध नोकरीत आजारपणाची एकही रजा घेतली नाही, हे ते नवीन माणसाला नावाआधी सांगत.

इमारत चार मजली, बिनलिफ्टची. लिफ्टचा ठराव एकदा आला होता, तो ठणठणीतरावांनीच पाडला. "पाय कशाला दिलेत?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको. समोरच्या दाराआड चष्म्याचं दुकान असलेले त्यांचे मित्र, म्हणजे चष्मेवाले, आणि वहिनी. या दोन मित्रांचा दर रविवारी बुद्धिबळाचा डाव रंगायचा. वहिनी मोठ्या बोलक्या. जिना चढताना दर मजल्यावर थांबून कुणाशी ना कुणाशी बोलल्याशिवाय पुढे पाऊल टाकायच्या नाहीत, असं निदान ठणठणीतरावांचं मत होतं.

आता या इमारतीचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सभा तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेत भरे. सभेचं टेबल मात्र राहायचं गच्चीवरच्या खोलीत. टेबल कसलं, धूडच ते! जाड लाकडाचं, लोखंडी पायांचं, रुंद खणाचं. पूर्वी म्हणे या इमारतीत प्रत्येक ठरावाला प्रत्येक जण विरोध करायचा. दिवे लावा म्हटलं तरी विरोध, बंद करा म्हटलं तरी विरोध. तेव्हा एका जुन्या अध्यक्षानं कंटाळून नियम घातला: विरोध करील तो सभा संपल्यावर टेबल वर नेईल. तेव्हापासून विरोधाला एक वजन आलं. तरी अजून बिनविरोध सभा झाली नव्हती. विरोधकाबरोबर चार जण हात लावायचे आणि वरात हसतखेळत गच्चीवर जायची.

त्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ठराव मांडला. इमारतीतल्या सगळ्या प्रौढ माणसांचा मिळून एकच आरोग्यविमा काढायचा. कंपनी तपासणी करणार नाही, जुन्या दुखण्यांची विचारपूस करणार नाही, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून घेईल. अट एकच. एकही प्रौढ बाहेर राहिला तर योजना रद्द.

"म्हणजे सक्तीच की!" ठणठणीतराव उभे राहिले.

"सक्तीच म्हणा," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर मुलांना सक्तीनं पाढे शिकवले होते, त्यांना त्या शब्दाचं काहीच वाटत नव्हतं.

मग जे भाषण झालं, ते ठणठणीतरावांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण, यात शंका नाही. "आज विम्याची सक्ती. उद्या म्हणाल, किती वाजता उठायचं तेही ठरावात घाला! शरीर माझं आहे. जो पथ्यानं राहतो, जिने चढतो, त्यानं बसून खाणाऱ्यांच्या दुखण्यांचा भार का उचलायचा?"

"अहो, दुखणं विचारून येत नाही," बाई म्हणाल्या.

"माझ्याकडे यायचं असेल तर विचारूनच यावं लागेल!"

तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांनी टाळी वाजवली आणि मुद्दे लिहून घेतले. मागच्या खुर्चीवर चष्मेवाले मघापासून एकच चष्मा पुसत बसले होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं. वहिनींनी मान हलवली. त्यांनी तोंड मिटलं. ठणठणीतरावांना हे दिसलं, पण भाषणाच्या ओघात माणसाला दिसतं बरंच आणि कळत काही नाही. ठराव पडला. बाईंनी वहीत विरोध नोंदवला आणि सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"चला, धरू या," म्हणत चष्मेवाले पुढे झाले.

"हात लावू नकोस," ठणठणीतराव म्हणाले. "भार ज्याचा त्यानं उचलावा, हेच तर मघापासून सांगतोय."

"अहो, काहीतरीच काय! कुणाला तरी धरू द्या," बायको म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व चार मजले वर न्यायचं म्हणजे गंमत नाही. त्यांनी टेबल उलटं करून डोक्याखांद्यावर घेतलं. पहिल्या मजल्यावर टेबलाच्या पायानं भिंतीचा रंग खरवडला. दुसऱ्यावर दिवा फुटला. तिसऱ्यावर खण निसटला आणि पायऱ्या मोजत मोजत थेट तळमजल्यावर सभेला परत आला. चौथ्यावर काय झालं ते कुणी पाहिलं नाही, पण बऱ्याच वेळानं ठणठणीतराव खाली आले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "ठणठणीत." शब्द तोच होता, आवाज मात्र निम्मा होता. बायकोनं तेवढं टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्याच्या बाहीत डावा हात घालताना छातीतून कळ निघाली ती खांद्यावरून कोपरापर्यंत. ठणठणीतराव जागच्या जागी थिजले. वैद्यकशास्त्राचं त्यांचं ज्ञान बेताचं, पण डावी छाती आणि डावा हात म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांना घाम फुटला. मग आठवलं की घाम हेही लक्षण आहे, आणि आणखी घाम फुटला.

बायकोला सांगावं? काल संध्याकाळी दुखण्यानं परवानगी घेऊन यावं असं जाहीर करायचं आणि आज सकाळी ते घरात येऊन बसलंय म्हणायचं? वकीलसाहेबांनी तर मुद्दे लिहून घेतले होते. एकीकडे जीव आणि दुसरीकडे इभ्रत. अशा वेळी मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते वेळेवर कचेरीत गेले.

तिथं त्यांनी सहज विषय काढल्यासारखं विचारलं, "माझ्या एका मित्राच्या छातीत दुखतं. काय असेल हो?"

"गॅस," शेजारचे कारकून खात्रीनं म्हणाले. "आलं-लिंबू द्या."

"आमच्या काकांनाही सगळे गॅसच म्हणाले होते," रोखपाल म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. "माणूस मोठा भला होता."

"आडवं पडू देऊ नका त्यांना," एकानं सांगितलं.

"उभं राहू देऊ नका," दुसऱ्यानं सांगितलं.

ठणठणीतराव तेव्हापासून खुर्चीच्या कडेवर अर्धवट टेकून बसले. हे फार वेळ जमेना, म्हणून ते अर्ध्या दिवसाची रजा मागायला साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही? रजा? कारण?"

"किरकोळ."

"किरकोळ काय?"

"किरकोळ... काम."

"दुसरीकडे नोकरी बघताय?" साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं. "इथं काही त्रास आहे का? बढतीचं माझ्या लक्षात आहे हो!" आजारपण कबूल केलं असतं तर सही तात्काळ मिळाली असती. पण गडी बधेना. शेवटी आपण कुठेही जाणार नाही असं वचन देऊन ते बाहेर पडले, आणि आपल्या प्रकृतीकडे बघता हे वचन पाळता येईल का, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

ते तडक गेले विम्याच्या कचेरीत. मनात हिशेब सरळ होता. आधी गुपचूप विमा काढायचा, मग डॉक्टरकडे जायचं. खिडकीमागच्या बाई हसतमुख होत्या.

"एका मित्रासाठी विचारायचं होतं," ठणठणीतराव म्हणाले. "कालपर्यंत अगदी धडधाकट होता. आज जरा छातीत..."

"मग आधी तपासणी करावी लागेल."

"आणि तपासणीत काही निघालं तर?"

"मग त्या दुखण्यासाठी विमा मिळणार नाही. कदाचित कशासाठीच मिळणार नाही."

"म्हणजे दुखत असलं की विमा नाही?"

"नाही."

"आणि दुखत नसेल तर?"

"तर मिळेल. पण तेव्हा कुणी येत नाही," बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "काका, तुमच्या मित्राला खांदा असा दाबून धरू नका म्हणावं. आणि आधी डॉक्टरकडे जा म्हणावं."

ठणठणीतरावांनी खांद्यावरचा हात झटकन काढला. कळ आली ती वेगळीच.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्यांनी हृदयाचे डॉक्टर निवडले ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाचे. दोन बस बदलल्या. दवाखान्यात शिरले, रिकामी खुर्ची पाहून बसले, आणि शेजारी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसलेल्या गृहस्थांचे बूट पाहून त्यांना वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलेत. दर रविवारी हे बूट आपल्या दाराबाहेर असतात. वर्तमानपत्र हळूच खाली आलं. चष्मेवाले! त्यांच्या पलीकडे वहिनी.

"तू इकडे कुठे?" दोघांनी एकदमच विचारलं.

"डॉक्टरांच्या चष्म्याची काच द्यायची होती," चष्मेवाले म्हणाले.

"यांच्या पाण्याच्या बिलाची तक्रार आहे," ठणठणीतराव म्हणाले.

"बरं बरं."

"हो ना."

वहिनी पदराआड हसत होत्या. तेवढ्यात आतून नर्सबाई आल्या आणि भाजी बाजारात चालेल अशा आवाजात ओरडल्या, "झडपेचं ऑपरेशन पुढे ढकललेल्या बाई कोण? तुमचे रिपोर्ट येतायत, बसून राहा. आणि छातीत दुखणारे, पहिल्यांदाच आलेले काका? चला आत!"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं एका फटक्यात दोन मुठी उघडल्या.

आत डॉक्टरांनी ठणठणीतरावांना आडवं केलं, छातीला तारा लावल्या, कागदाची लांबच लांब पट्टी काढली आणि ती वाचत "अं... अं..." करू लागले. त्या प्रत्येक "अं"ला ठणठणीतराव मनातल्या मनात बायकोची क्षमा मागत होते.

"वजन उचललं होतं का काही?"

"टेबल."

"कुठवर?"

"चार मजले. लोखंडी पायांचं. एकट्यानं."

डॉक्टरांनी खांद्यामागे एका जागी बोट दाबलं. ठणठणीतराव किंचाळले.

"हृदय उत्तम आहे तुमचं," डॉक्टर हसून म्हणाले. "स्नायू ओढला गेलाय. गोळ्या घ्या, शेका आणि काही महिने काहीही उचलू नका. हृदय चांगलं आहे म्हणून वाचलात, अकलेचं काही सांगता येत नाही."

एरवी एवढा अपमान त्यांनी खपवून घेतला नसता. पण त्या क्षणी त्यांना डॉक्टरांची पप्पी घ्यावीशी वाटली. वाचलो रे बाबा, वाचलो! कुणाला काही कळायची गरज नाही. इभ्रत शाबूत, जीव शाबूत. ते जवळजवळ नाचतच बाहेर आले, आणि चष्मेवाल्यांचा चेहरा पाहून थांबले.

"काय झालं?" चष्मेवाल्यांनी आधी त्यांनाच विचारलं.

"काही नाही. स्नायू. टेबल नडलं."

"देवा! सुटलो," म्हणत चष्मेवाल्यांनी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांना खरोखरच हायसं वाटलं होतं. ठणठणीतरावांना एकदम ओशाळल्यासारखं झालं.

मग हळूहळू सगळं कळलं. वहिनींच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन केलं तर पुढे काही भीती नव्हती, पण ते करायचं म्हणजे दुकान विकायला लागलं असतं, आणि दुकान विकून जगायचं कशावर? एकट्या बाईला कुठलीच कंपनी घेत नव्हती. सगळ्या दारांवरून परत आले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी इमारतीचा ठराव आणला तेव्हा दोघांना आभाळ ठेंगणं झालं होतं. दर मजल्यावर वहिनी थांबायच्या त्या बोलायला नव्हे, दम खायला थांबायच्या.

"अरे, मग सभेत बोलला का नाहीस?"

"तू इतका रंगात आला होतास," चष्मेवाले म्हणाले. "आणि हिनं मान हलवली."

"तुमचं म्हणणं काही खोटं नव्हतं भावजी," वहिनी म्हणाल्या. "आमच्यासाठी कुणावर सक्ती का म्हणून करायची? आणि हे कुणाला सांगू नका हं. लोक जिन्यात तोंड पाडून विचारत बसतील. मला ते सोसायचं नाही."

वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परतीच्या दोन्ही बसमध्ये ठणठणीतराव खिडकीकडे तोंड करून बसले. आपलं हृदय उत्तम असल्याची त्यांना लाज वाटत होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. तिनं शांतपणे शेकायची पिशवी पुढे केली. ती आधीच गरम करून ठेवली होती.

"तुला माहीत होतं?"

"सकाळी सदऱ्याची सगळी बटणं एकाच हातानं लावलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तत्त्वाचा प्रश्न होता ना," बायको म्हणाली. मग पिशवी खांद्यावर दाबत तिनं एवढंच म्हटलं, "मरायला विमा लागत नाही हो. जगायला लागतो."

पुढच्या आठवड्यात ठणठणीतरावांच्या मागणीवरून पुन्हा सभा भरली. टेबल खाली आणायला कधीच अडचण नसायची, उतारावर सगळेच मदत करतात. ठणठणीतराव उभे राहिले. वहिनींचं नाव घ्यायचं नव्हतं. म्हणजे उरली फक्त स्वतःची फजिती, आणि ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. सदऱ्याची बाही सांगितली, घाम सांगितला, किरकोळ काम सांगितलं, खिडकीमागच्या बाईंनी पकडलेला मित्र सांगितला. लोक आधी चकित झाले, मग हसायला लागले, मग इतके हसले की मुख्याध्यापिकाबाईंना टेबलावर पट्टी आपटावी लागली. ठणठणीतरावांचे कान लाल झाले होते, पण ते थांबले नाहीत.

"हसा, हसा," ते म्हणाले. "मी त्या दिवशी भ्यालो. एवढा भ्यालो की मित्राच्या नावानं विमा मागायला गेलो. तिथं कळलं, दुखायला लागल्यावर कुणी उभं करत नाही. आणि दुखत नसताना आपण होऊन कोण जातो? मी गेलो नसतो. सक्ती हा शब्द मला अजूनही कडू लागतो. औषधही कडूच लागतं. माझा विरोध मी मागे घेतो, आणि ठरावही मीच मांडतो."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. या वेळी पुसायचं कारण होतं.

सगळे हो म्हणणार, एवढ्यात वकीलसाहेब उठले. त्यांनी कागद काढला. "'भार ज्याचा त्यानं उचलावा.' हे आपलंच वाक्य ना? आम्ही त्यावर विश्वास ठेवला. तुमचं मत बदललं, आमचं नाही. आमचा विरोध आहे."

ठणठणीतरावांना घाम फुटला. स्वतःचंच वाक्य स्वतःवर उलटलं होतं. वहिनी खाली बघत होत्या. चष्मेवाल्यांचा हात थांबला होता.

"विरोध नोंदवू?" मुख्याध्यापिकाबाईंनी वही उघडली.

"अवश्य नोंदवा."

"नोंदवते. आणि नियम ठाऊकच आहे."

वकीलसाहेबांनी टेबलाकडे पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. "हो, हो. चार जण हात लावतीलच."

"छे!" ठणठणीतरावांना एकदम कंठ फुटला. "भार ज्याचा त्यानं उचलावा! आपणच आता वाचलंत. मी एकट्यानं नेलं होतं. डॉक्टरांचा पत्ता देऊन ठेवतो, दोन बस बदलाव्या लागतात."

सभेत कुणाची पाठ धरली, कुणाचा गुडघा दुखू लागला. जो तो आपली दुखणी सांगू लागला. वकीलसाहेबांनी टेबलाचा एक कोपरा नुसता उचलून पाहिला. टेबल हललं नाही, वकीलसाहेबांच्या कमरेतून मात्र आवाज आला.

"विरोध असा नव्हता," ते बसत म्हणाले. "शंका होती."

"निरसन झालं?"

"झालं, झालं."

आणि अशा रीतीनं इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा एक ठराव बिनविरोध झाला. मग लक्षात आलं की विरोधकच नाही, तर टेबल वर न्यायचं कुणी? नियमात याची सोयच नव्हती. बराच खल झाला आणि शेवटी सगळ्यांनीच धरलं, वकीलसाहेबांनीसुद्धा. ठणठणीतरावांना वजन उचलायची बंदी, म्हणून ते रिकामा खण बगलेत मारून पुढे चालले होते आणि "डावीकडे घ्या, भिंत सांभाळा, दिव्याला जपा!" असं ओरडत होते. दिवा या वेळी फुटला नाही.

"सगळ्यांनी धरलं की..." बायको मागून म्हणू लागली.

"कळलं, कळलं," ठणठणीतराव म्हणाले.

वहिनींचं ऑपरेशन झालं. दुकान जिथल्या तिथे राहिलं. इस्पितळातून त्या घरी आल्या, घरातल्या घरात फिरू लागल्या. पुढे एके दिवशी ठणठणीतराव कचेरीतून परतत होते, तर जिन्यात पुढे वहिनी. डॉक्टरांनी सावकाश जिना चढायची परवानगी दिली होती. ठणठणीतराव मागेच थांबले. पहिला मजला आला, वहिनी थांबल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर मुख्याध्यापिकाबाई दारातच उभ्या होत्या. वहिनींनी त्यांना नुसता हात केला आणि त्या पुढे गेल्या. तिसऱ्यावर पोचल्यावर त्यांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं.

"कसे आहात भावजी?"

ठणठणीतरावांनी सवयीनं छाती पुढे काढली, तोंड उघडलं, आणि मग खांदा चोळत म्हणाले, "थंडी पडली की खांदा दुखतो हो वहिनी. तुम्ही कशा आहात?"

वरून सगळ्या जिन्यात घुमेल असा आवाज आला.

"ठणठणीत!"